गॅस भरण्याआधी गळती शोधा: एसी दुरुस्तीच्या प्रशिक्षणात शाश्वत विकास कुठे रुजला, कुठे निसटला

व्यवसाय शिक्षणात शाश्वत विकास आणायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नवे कोर्स येतात. सौर पॅनेल बसवणं, कचऱ्यापासून खत, विजेवरच्या गाड्यांची दुरुस्ती. २०१५ मध्ये हरित रोजगारांसाठी वेगळी कौशल्य परिषद निघाली, सौर यंत्रणा बसवणारे 'सूर्यमित्र' घडवणारे वर्ग सुरू झाले आणि ते चांगलंच झालं. पण आयटीआयमध्ये दरवर्षी शिरणारी बहुसंख्य मुलं अजून इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक अशा जुन्या ट्रेडलाच जातात. वीज, पाणी, तेल, धातू आणि वायू यांचा खरा व्यवहार त्यांच्या हातून होतो. त्यामुळे जुन्या ट्रेडच्या रोजच्या कामात काय बदललं, हा प्रश्न मला नव्या कोर्सच्या यादीपेक्षा मोठा वाटतो.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला एक ट्रेड विशेष उपयोगी आहे: रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन. दहावीनंतर दोन वर्षांचा हा व्यवसाय, जुने लोक अजून त्याला 'एमआरएसी' (मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग) म्हणतात. एखादा आंतरराष्ट्रीय पर्यावरण करार थेट मेकॅनिकच्या पिशवीत उतरावा असं फार कमी धंद्यांच्या वाट्याला आलं; या धंद्याच्या वाट्याला ते तीस वर्षांपूर्वी आलं. म्हणजे इथे प्रयोग होऊन गेलेला आहे आणि त्यातलं काय टिकलं ते आज तपासता येतं.

प्रसंग

पुढचा प्रसंग कुणा एका घरातला नाही. उन्हाळ्यात मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात रोज घडणारा आहे.

एप्रिलचा मध्य. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावरचा दीड टनाचा स्प्लिट एसी थंड करत नाही. तिशीच्या आतला टेक्निशियन आणि त्याचा हेल्पर पोरगा स्कूटरवरून येतात. आउटडोअर युनिट खिडकीबाहेरच्या लोखंडी ब्रॅकेटवर. तो गेज लावतो, दाब कमी दिसतो.

"काकू, गॅस कमी झालाय."

"अरे, मागच्याच उन्हाळ्यात भरला होता की! दरवर्षी कसा संपतो?"

"कॉइलला कुठंतरी लीक असणार. शोधायला लागेल. वेळ जाईल आणि खर्चही वाढेल."

"ते नंतर बघू. आत्ता भरून दे बाबा, संध्याकाळी पाहुणे यायचेत."

आता त्याच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट अर्ध्या तासाची. सर्व्हिस व्हॉल्व्हला होज जोडायचा, होजमधली हवा निघावी म्हणून थोडा गॅस फुस्स करून सोडायचा, सिलिंडर उघडायचा, एसी चालू ठेवून गेजवर नजर ठेवायची. पाइपला घाम आला, आतून गार हवा आली की नट कसून खाली उतरायचं. दिवसात अशा पाच-सहा भेटी होतात.

दुसरी वाट तीन-चार तासांची. आतला उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा. मग नायट्रोजन भरून दाब वाढवायचा आणि प्रत्येक जोडावर, कॉइलच्या प्रत्येक वळणावर साबणाचा फेस लावून बुडबुडा शोधायचा. भोक सापडलं की ब्रेझिंग, म्हणजे धातू वितळवून जोड भरणं. तेही पाइपमधून नायट्रोजनची बारीक धार चालू ठेवून, नाहीतर तांब्याच्या आतून काळी खपली धरते आणि पुढे जाऊन कॅपिलरी, म्हणजे आतली अगदी बारीक नळी, चोक करते. पुन्हा दाबाची चाचणी. मग व्हॅक्युम पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत (आत उरलेल्या दाबाचं बारीक माप) खाली जायचं, पंप बंद करून आकडा स्थिर राहतो का पाहायचं, आणि शेवटी युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा.

दोन वर्षांच्या कोर्समध्ये शिकवतात ती दुसरी वाट. दारात बहुतेक वेळा चालली जाते ती पहिली.

एक किलोची किंमत

एसीतला गॅस संपत नाही. तो पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळीत तोच गॅस पुन्हा पुन्हा द्रव होतो आणि वाफ होतो. सिस्टीम घट्ट असेल तर दहा-बारा वर्षं त्याला हात लावावा लागत नाही. कमी झाला याचा अर्थ तो हवेत गेला, आणि जिथून गेला ते भोक शिल्लक असेल तर नवा भरलेलाही तिथूनच जाणार. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या दमट हवेने कॉइल लवकर खातात, त्यामुळे इथला प्रश्न कोरड्या मराठवाड्यापेक्षा तीव्र आहे.

हवेत गेलेल्याचं मोजमाप असं. जुन्या एसींतला आर-२२ हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८१० पट तापमानवाढ करतो. आर-४१०ए सुमारे २,०८८ पट. आज नव्या घरगुती एसीत सर्रास येणारा आर-३२ सुमारे ६७५ पट. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, तीनच्या आसपास. दीड टनाच्या आर-२२ एसीत साधारण एक किलो गॅस मावतो. तो सगळा निसटला तर १.८ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं; एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो निघतो, तेव्हा हे पावणेआठशे लिटर पेट्रोल झालं. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलने जवळजवळ विषुववृत्ताची एक प्रदक्षिणा घालण्याइतकं. एका घरी, एका उन्हाळ्यात, एका न बुजवलेल्या भोकातून.

याशिवाय वीज आहे. कमी गॅसवर चालणारा एसी खोली गार करायला जास्त वेळ धडपडतो, कंप्रेसर तापतो, मीटर पळतो. ओलावा राहिला तर तेल खराब होतं, आम्ल तयार होतं आणि कंप्रेसर जळतो. मग भंगारात जाणारं लोखंड, तांबं, तेल हा आणखी वेगळा खर्च. मूळ मुद्दा असा की या ट्रेडमध्ये चांगलं काम आणि हवामानाला सोसेल असं काम या दोन गोष्टी बहुतांशी एकच आहेत. बहुतांशी म्हटलं, कारण पूर्णपणे नाहीत, आणि या अभ्यासातली सगळी गोम त्या उरलेल्या भागात आहे.

करार पिशवीत कसा उतरला

१९८७ साली ओझोनचा थर वाचवण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला; भारत त्यात १९ जून १९९२ रोजी सामील झाला. त्या काळी घराघरांतल्या फ्रीजमध्ये आर-१२ होता, ओझोनचा थर खाणारा आणि शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त तापवणारा. तो बंद करायचा तर कारखाने बदलून भागणार नव्हतं. रस्त्यावरच्या दुकानातला फ्रीजवाला बदलायला हवा होता, कारण गॅस सर्वांत जास्त सुटायचा तो त्याच्या हातून.

स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या मदतीने १९९० च्या दशकात 'इकोफ्रिग' आणि पुढे 'हायडेकोर' हे प्रकल्प आले. पहिल्यात फ्रीजमध्ये हायड्रोकार्बन वापरण्याची तयारी होती, दुसऱ्यात छोट्या दुरुस्तीवाल्यांचं प्रशिक्षण. नंतर देशव्यापी सीएफसी (आर-१२ सारखे ओझोन खाणारे वायू) निर्मूलन योजनेतही प्रशिक्षणावर मोठा भर राहिला आणि तिच्या अनेक तुकड्या आयटीआय व तंत्रनिकेतनांच्या कार्यशाळांमध्येच भरल्या. २००० साली ओझोन घटवणाऱ्या पदार्थांचे नियम आले. ऑगस्ट २००८ मध्ये भारताने, दम्याच्या इन्हेलरसाठी लागणारा थोडा भाग सोडून, सीएफसीचं उत्पादन मुदतीच्या सतरा महिने आधी थांबवलं.

या कामाचं फळ जगभर दिसतं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या आढाव्यानुसार ओझोनचा थर जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर परतेल. यात शास्त्रज्ञांचा आणि मुत्सद्द्यांचा वाटा सगळे सांगतात. गोरेगावच्या किंवा इचलकरंजीच्या गल्लीत नवा गॅस, नवं तेल, नवी पद्धत शिकून घेतलेल्या मेकॅनिकचाही त्यात वाटा आहे. आयटीआयच्या वर्गात हे पहिल्याच आठवड्यात अभिमानाने सांगितलं पाहिजे.

पुढचा टप्पा एचसीएफसीचा, म्हणजे मुख्यतः आर-२२ चा. तो टप्प्याटप्प्याने घटवत २०३० पर्यंत, दुरुस्तीपुरता किंचित वाटा वगळून, संपवायचा आहे. त्याच्या जागी आलेले एचएफसी (आर-४१०ए, आर-३२ सारखे) ओझोनला धक्का लावत नाहीत पण तापमान वाढवतात, म्हणून ते घटवण्यासाठी १५ ऑक्टोबर २०१६ रोजी मॉन्ट्रियल कराराची किगाली दुरुस्ती झाली; भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. मधल्या काळात, मार्च २०१९ मध्ये, केंद्र सरकारने भारत शीतकरण कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०३७-३८ पर्यंत गॅसची मागणी २५ ते ३० टक्क्यांनी घटवण्याचं उद्दिष्ट आहे आणि सोबत एक ओळ आहे जी या अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र. हवामानाच्या राष्ट्रीय आराखड्यात कारागिराला आकड्यासकट जागा मिळाली, ही मोठीच गोष्ट आहे.

कार्यशाळेत

आता वर्गात जाऊ. या ट्रेडचं पहिलं वर्ष फिटिंग, पत्रेकाम, वायरिंग, ब्रेझिंग यांतून पुढे फ्रीज आणि विंडो-स्प्लिटपर्यंत येतं; दुसऱ्यात व्यापारी यंत्रं, गाडीचा एसी, शीतगृह, मोठे प्लांट. रिकव्हरी, रिसायकलिंग, रेट्रोफिट (जुन्या यंत्रात नवा गॅस बसवणं), ओझोन, तापमानवाढ हे सगळं अभ्यासक्रमात आहे. कागदावर पाहिलं तर एकीकरण झालेलं आहे.

प्रत्यक्षात ते कसं झालं हे निदेशकावर आणि हत्यारांवर ठरतं. एकाच तुकडीत वीस-चोवीस प्रशिक्षणार्थी आणि चालू अवस्थेतला व्हॅक्युम पंप एक, अशी स्थिती असेल तर चार मुलं पंप हाताळतात, बाकीची बघतात आणि जर्नलमध्ये आकृती काढतात. मायक्रॉन गेज नसेल तर साध्या गेजची सुई ३० इंचांवर गेली की व्हॅक्युम झाला असं मुलं शिकतात. इथे थोडं थांबतो, कारण याच ठिकाणी शिकवण्याची खरी कसोटी लागते. हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन धरला तर ५,००० आणि ५०० यांतला फरक साध्या गेजवर दिसतच नाही. दोन्हीकडे सुई तिथेच. पण ५०० पर्यंत खाली गेल्यावर आतलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंप ते बाहेर ओढतो. पंप बंद केल्यावर आकडा थोडा चढून थांबला तर ओलावा उरलाय, थांबायचं नावच घेत नसेल तर गळती आहे. ज्या मुलाने हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी चढताना पाहिला, त्याला 'सिस्टीम कोरडी हवी' हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

चांगले निदेशक साध्या गोष्टींतून बरंच साधतात. पंप डाउन घ्या. गळती इनडोअरच्या फ्लेअर नटला (पाइपचं रुंद केलेलं तोंड कसून धरणारा नट) किंवा आतल्या कॉइलला असेल तर लिक्विड व्हॉल्व्ह बंद करून कंप्रेसर थोडा वेळ चालवायचा. सगळा गॅस आउटडोअरमध्ये जमा होतो, मग गॅस व्हॉल्व्ह बंद. मशीन नको, वेगळा सिलिंडर नको, एक अ‍ॅलन की पुरते. फक्त डोळा गेजवर हवा, कारण दाब शून्याखाली गेला तर गळतीतून हवा आत ओढली जाते आणि तेल-हवेच्या मिश्रणाने कंप्रेसर फुटू शकतो. हे कौशल्य मुलं लगेच उचलतात. गॅस वाचला तर पैसे वाचतात, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

तसंच ऑक्सिजनचं. ब्रेझिंगसाठी ऑक्सिजनची बाटली पिशवीत असतेच, नायट्रोजनचा सिलिंडर मात्र नसतो; मग दाबाच्या चाचणीसाठी ऑक्सिजन भरायचा मोह होतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कंप्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट. निदेशक हे शिकवतात तेव्हा वर्गात शांतता पसरते, कारण प्रत्येकाने उन्हाळ्यातल्या कंप्रेसर-स्फोटाच्या बातम्या वाचलेल्या असतात.

काय टिकलं आणि का

वर्गातून दारापर्यंत कोणती सवय पोचली हे नीट पाहिलं की एक रेघ स्पष्ट दिसते.

नायट्रोजनची धार, व्यवस्थित फ्लेअरिंग, चांगला व्हॅक्युम या सवयी चांगल्या टेक्निशियनकडे टिकतात. कारण त्या नाही पाळल्या तर काम परत येतं. पंधरा दिवसांनी काकूंचा फोन, फुकटची फेरी, नाव खराब. नवीन गॅसही इथे मदतीला आले आहेत. आर-४१०ए आणि आर-३२ चा दाब आर-२२ पेक्षा दीडपटीहून जास्त. ढिला फ्लेअर तिथे लपत नाही. त्यांच्यासोबतचं तेल ओलावा झपाट्याने शोषतं, त्यामुळे अर्धवट व्हॅक्युमची शिक्षा लवकर मिळते. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, प्रोपेन तर सरळच पेटतो; प्रत्येक घनमीटर हवेत ३८ ग्रॅमच्या आसपास प्रोपेन मिसळला की ठिणगी पुरते. भारतात २०१२ मध्ये गोदरेजने आर-२९० चे स्प्लिट एसी बाजारात आणले तेव्हापासून हा विषय इथल्या टेक्निशियनसाठी खरा झाला. बंद खोलीत गॅस फुस्स करून सोडायची जुनी सवय इथे जिवावर बेतते. पर्यावरणाच्या धड्याने जी सवय मोडली नाही ती स्वतःच्या सुरक्षेने मोडली.

रिकव्हरी मात्र टिकली नाही. ती परीक्षेपुरती राहिली. आर-२२ चा उरलेला अर्धा किलो गॅस मशीनने काढून घेतल्याने एसी काही जास्त गार होत नाही, काम परत यायचं थांबत नाही, ग्राहकाला काही दिसत नाही. त्या कृतीमागे फक्त एकच कारण उरतं, ते म्हणजे हवा. आणि ज्या कृतीमागे फक्त हवा हे कारण असतं, ती मशीनच्या वजनाखाली, चार मजल्यांच्या जिन्याखाली आणि पुढच्या पाच भेटींच्या घाईखाली दबून जाते.

माझ्या मते या प्रकरणातून निघणारा मुख्य निष्कर्ष हाच आहे. जिथे टिकाऊपणाचं कारण आणि कामाच्या दर्जाचं कारण एकाच हालचालीत एकत्र येतं, तिथे शिकवणं पुरेसं ठरतं. जिथे ते वेगळे होतात, तिथे कितीही चांगलं शिकवलं तरी पुरत नाही. तिथे नियम, पैसा किंवा दोन्ही लागतात. आपले अभ्यासक्रम तयार करणारे या दोन प्रकारच्या कौशल्यांत फरक करत नाहीत. दोन्ही एकाच प्रकरणात, एकाच सुरात लिहिली जातात. मग पहिल्याचं यश आणि दुसऱ्याचं अपयश दोन्ही कारागिराच्या 'जागरूकते'वर टाकलं जातं, आणि ते अन्यायाचं आहे.

दारातली अडचण

अन्यायाचं का, ते पाहा. या धंद्यातले कितीतरी जण आयटीआयतून आलेलेच नाहीत. गावाकडून येऊन कुणा उस्तादाच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागले, पाइप कापता कापता शिकले. मार्च ते जून मरमर काम, पावसाळ्यात निम्मं, थंडीत हात रिकामे. बऱ्याच जणांना भेटीवर पैसे मिळतात, तासावर नाही. अशा हिशेबात तीन तासांचं योग्य काम करणारा माणूस त्या दिवशीच्या बऱ्याच भेटी गमावतो. अमेरिकेत १९९४ पासून प्रमाणपत्र असलेल्यालाच असा गॅस विकत मिळतो; आपल्याकडे दुकानात जाऊन कुणीही सिलिंडर उचलू शकतो. म्हणजे शिकलेल्याची स्पर्धा न शिकलेल्याशी, आणि ग्राहक दर पाहून निवडतो.

समजा एखाद्याने हट्टाने गॅस गोळा केला. पुढे काय? तो शुद्ध करून पुन्हा वापरण्यासाठी देणारी केंद्रं मोजकी आणि दूर. विकत घेणारा कुणी नाही. मग रिकव्हरी सिलिंडर दुकानाच्या कोपऱ्यात पडून राहतो. कारागिराला एखादं काम शिकवायचं आणि त्या कामाचा पुढचा टप्पा अस्तित्वातच नसावा, याइतकं निराश करणारं दुसरं काही नाही.

आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. शाश्वत विकासात माणूसही येतो. दहाव्या मजल्याच्या छज्ज्यावर पट्ट्याशिवाय उभा राहून आउटडोअर खोलणारा मुलगा हा या विषयाचा भाग आहे. सेफ्टी बेल्ट, शिडी, विमा यांवर अभ्यासक्रमात धडे आहेत. पण इमारती बांधताना युनिटपर्यंत पोचायला जागाच ठेवली नाही तर धडा काय करणार? इथे स्थापत्यविशारदालाही शिकवायला हवं, फक्त मेकॅनिकला नाही.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली आधीपासून काम करणाऱ्यांच्या कौशल्याला मान्यता देणारी जी छोटी शिबिरं होतात, त्यांचा फायदा खरा आहे. वर्षानुवर्षं बिनकागदी काम केलेल्या माणसाला प्रथमच ओळख मिळते, विमा मिळतो, नव्या गॅसची माहिती मिळते. पण सवय दोन-चार दिवसांत लागत नाही. तिला हत्यार हाती हवं आणि पुढचे सहा महिने कुणीतरी विचारणारं हवं.

एखादी संस्था काय करू शकते

दिल्लीच्या नियमांची वाट न पाहता एका आयटीआयच्या हातात बऱ्याच गोष्टी आहेत, आणि त्या खर्चिक नाहीत.

सगळ्यात आधी गॅसचा हिशेब. कार्यशाळेत येणारा प्रत्येक सिलिंडर वजन करून घ्यायचा, प्रत्येक प्रात्यक्षिकाआधी आणि नंतर वजन नोंदवायचं. किती आला, किती यंत्रांत आहे, किती परत काढला. उरलेला फरक हवेत गेला. हा फरक महिन्याच्या शेवटी फळ्यावर लिहायचा, किलोतही आणि कार्बन डायऑक्साइडच्या टनांतही. मुलांना स्वतःच्या वर्गाचा आकडा दिसला की पुस्तकातलं कोष्टक जिवंत होतं. पुढच्या तुकडीचा आकडा मागच्यापेक्षा कमी यावा, ही चुरस मुलं आपणहून लावतात. गणित, नोंदी, पर्यावरण आणि हस्तकौशल्य यांचे चार वेगळे तास करण्यापेक्षा हे एक वही सांभाळणं मला जास्त मोलाचं वाटतं.

दुसरं, गुण. आज प्रात्यक्षिकात एसी गार झाला की काम उत्तम. त्याऐवजी गॅस मुद्दाम हवेत सोडला तर ते प्रात्यक्षिक नापास, असा नियम अंतर्गत मूल्यमापनात निदेशक स्वतः करू शकतात. ज्याला गुण नाहीत ते शिकलं जात नाही, हे प्रत्येक निदेशकाला ठाऊक आहे.

तिसरं, हत्यारांची पेढी. रिकव्हरी मशीन, चांगला पंप, मायक्रॉन गेज, नायट्रोजनचा सेट हे एकट्या टेक्निशियनला परवडत नाही, आणि रोज लागतही नाही. आयटीआयने आपल्या माजी विद्यार्थ्यांना ते दिवसाच्या भाड्यावर द्यावं, गोळा झालेला गॅसही तिथेच जमा करून घ्यावा. शहरभर विखुरलेल्या शेकडो कोपऱ्यांतला अर्धा-अर्धा किलो एका ठिकाणी साठला की शुद्धीकरण केंद्राची गाडी यायला कारण मिळतं. संस्थेचं आपल्या जुन्या मुलांशी नातं राहतं, हा वरचा लाभ.

आणि ग्राहक. शिकाऊ मुलांना काकूंशी बोलायला शिकवलं पाहिजे. 'गॅस संपत नाही, गळतो; भोक बुजवलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच पैसे जातील' हे दोन वाक्यांत, आवाज न चढवता, आकड्यासह सांगता येणं हे व्हॅक्युम मारण्याइतकंच कौशल्य आहे. बिलावर 'गॅस चार्जिंग' अशी एकच ओळ न लिहिता गळती शोधणं, ब्रेझिंग, व्हॅक्युम, गॅस ग्रॅममध्ये असं वेगळं लिहिलं तर वेळेचे पैसे मागता येतात. गृहनिर्माण संस्थांनी मार्चच्या आत सगळ्या घरांची तपासणी एकत्र लावली तर एकाच इमारतीत दिवसभर काम मिळतं, मशीन एकदाच वर चढवावी लागते, आणि थंडीतले रिकामे दिवसही भरतात. एसी २४ अंशांवर ठेवा हेही तोच टेक्निशियन सांगू शकतो. २०२० पासून नव्या एसींना ते मूळ तापमान लावून येतं आणि एक अंश वाढवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते. सरकारी जाहिरातीपेक्षा घरी आलेल्या मेकॅनिकचं लोक जास्त ऐकतात.

निदेशकांचा प्रश्न मात्र संस्थेच्या पातळीवर सुटणारा नाही. आर-१२ च्या काळात शिकलेल्या शिक्षकाला प्रोपेनचं काम आत्मविश्वासाने शिकवायचं असेल तर त्याला दर काही वर्षांनी कारखान्यात, सर्व्हिस केंद्रात जाऊन स्वतः हात काळे करायची सवलत हवी, आणि ती पगारी हवी. रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर माणसं नेमून हे होणार नाही.

किगालीच्या वेळापत्रकात एचएफसी घटवण्याचे भारताचे टप्पे ठरलेले आहेत: २०२४ ते २०२६ या वर्षांच्या वापरावर आधाररेषा, २०२८ ला गोठवणं, मग २०३२ मध्ये १० टक्के, २०३७ मध्ये २०, २०४२ मध्ये ३० आणि २०४७ मध्ये ८५ टक्के घट. २०२५ साली सोळाव्या वर्षी या ट्रेडला बसलेला मुलगा २०४७ मध्ये अडतीस वर्षांचा असेल, धंद्याच्या भरात. तोवर त्याच्या हाताखालून चार-पाच वेगवेगळे गॅस गेलेले असतील, त्यातले काही आज कार्यशाळेत नाहीतही. त्याला आज आर-३२ चे दाब पाठ करायला लावण्यापेक्षा गळती शोधणं, सिस्टीम कोरडी करणं, वजनाने भरणं आणि काढलेला गॅस परत सिलिंडरात घालणं या चार सवयी पक्क्या करायला हव्यात. त्यातल्या पहिल्या तीन त्याचा धंदाच त्याच्याकडून करून घेईल. चौथीसाठी लागणारं मशीन, गोळा करणारं केंद्र आणि परवान्याचा नियम हे त्याच्या आधी आपण उभं करायचं आहे.